फेब्रुवारीतले ते ३०० रुपये: व्यवसाय कर, रोहयो आणि ३७ वर्षं न हललेली मर्यादा

हिशेबनीस

महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय कर, म्हणजे पगारपत्रकावरचा पीटी, कापला जातो त्याचं गणित सगळ्यांना पाठ आहे. पुरुषांना ७,५०० रुपयांपर्यंत माफ, ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिना १७५, आणि १०,००० च्या वर सरसकट महिना २००, फक्त फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे, त्यावर तोच दर.

आता १२,००० पगाराचा सुरक्षारक्षक घ्या. वर्षाला १ लाख ४४ हजार मिळकत, त्यावर २,५०० म्हणजे पावणेदोन टक्के. त्याच इमारतीत महिना ५ लाख घेणारा व्यवस्थापक बसतो. त्याचेही २,५००च, म्हणजे ०.०४ टक्का. एवढा उलटा कर दुसरा शोधून सापडणार नाही.

गंमत अशी की हा कर गरिबांसाठी, रोजगार हमी योजनेसाठी बसवला असं सगळीकडे सांगतात. हे खरं आहे का? असेल तर त्याची ही दशा कशी झाली? आणि तो पैसा आजही रोहयोच्या कामांवर पोचतो का? 'सगळे चोर आहेत' याच्या पलीकडचं उत्तर हवं आहे.

---

कलम_दुरुस्त

दशा कशी झाली याचं उत्तर मुंबईत मिळणार नाही, ते घटनेत आहे.

मिळकतीवर कर लावायचा अधिकार केंद्राचा (संघसूची, नोंद ८२). राज्याकडे फक्त शेतीच्या उत्पन्नावरचा कर (राज्यसूची, नोंद ४६), आणि तो लावायची हिंमत कुणात नाही. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवरचा कर मात्र राज्याच्या नोंद ६० मध्ये येतो. मग 'हा आडून लावलेला आयकरच आहे' अशी हरकत येणार, म्हणून अनुच्छेद २७६ मध्ये लिहून ठेवलं की मिळकतीशी संबंध आहे एवढ्या कारणावरून हा कर अवैध ठरणार नाही. या सवलतीची किंमत म्हणून कमाल मर्यादा घातली: माणशी वर्षाला २५० रुपये. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ती २,५०० केली. तेव्हापासून ती जागची हललेली नाही.

मर्यादा टक्क्यांत नाही, रुपयांत आहे. इथेच सगळं बिघडतं. १९८८ मध्ये महिना १०,००० पगार म्हणजे मोठा साहेब. आज तो किमान वेतनाच्याही आसपासचा. पायऱ्या फारशा वर सरकल्या नाहीत, पगार वर गेले, आणि एकेकाळी वरच्यांसाठी असलेल्या पायरीवर सगळेच येऊन उभे राहिले. कुणी कायदा बदलून हा कर उलटा केला नाही. महागाईनं तो आपोआप उलटा झाला.

चौदाव्या वित्त आयोगानं मर्यादा १२,००० आणि पंधराव्यानं १८,००० करायची शिफारस केली. दोन्ही कागदावर. कारण साधं आहे. घटनादुरुस्ती संसदेला करावी लागते आणि पैसा जातो राज्यांच्या तिजोरीत. नोकरदारांच्या शिव्या केंद्रानं खायच्या आणि खर्च राज्यांनी करायचा, हा सौदा कुठलं केंद्र सरकार करेल? दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान हा कर लावतच नाहीत, त्यामुळे तिथल्या खासदारांनाही यात रस नाही.

आणखी एक बारकावा, जो पगारपत्रकात दिसत नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत भरलेला व्यवसाय कर पगारातून वजा होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह ७८० रुपये परत मिळाल्यासारखे, म्हणजे त्याला हा कर १,७२० रुपयांनाच पडतो. सुरक्षारक्षकाला आयकर लागत नाही, तेव्हा त्याचे पूर्ण २,५०० गेले. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, एवढा एक अन्याय तिथे कमी झाला.

---

पाझर_तलाव

रोहयोशी संबंध खरा आहे, आणि तो दंतकथेपेक्षा जास्त रंजक आहे.

मूळ कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि लगेच तो दुष्काळ आला. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, आणि मुलांना सुकडी. दुष्काळ सरल्यावर सरकारपुढे खरा प्रश्न आला: हे कायम चालवायचं तर पैसा कुठून?

त्यासाठी १९७५ चा व्यवसाय कर कायदा आला. पण एकटा व्यवसाय कर नव्हता. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर जादा कर, शहरांतल्या बिगरनिवासी जमिनी-इमारतींवर कर, जमीन महसुलावर अधिभार आणि बागायत जमिनीवर विशेष आकारणी अशी मोट बांधली होती. एवढं जमेल, तेवढीच रक्कम राज्य सरकारनं स्वतःची घालायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला.

शेवटच्या दोन बाबी, महसुलावरचा अधिभार आणि बागायत आकारणी, नावापुरत्याच राहिल्या. भार पडला शहरांवर, त्यातही मुंबईवर. मग मुंबईकरानं तो गुपचूप का सोसला, आणि ज्यांच्या शेतावर मजूर लागतात त्या बागायतदार आमदारांनी मजुराला हमी देणाऱ्या कायद्याला हात का वर केला? विषमतेचं राजकारण समजायला हा सगळ्यात चांगला धडा आहे.

दुष्काळात माणसं गाडीला लटकून दादर-कुर्ल्याला उतरतात, तीच गावात थांबली तर शहराला हवंच होतं. बागायतदाराला उन्हाळ्यात मजूर नकोच असतो, त्याला तो पेरणीला आणि सुगीला हवा. मधल्या काळात सरकारनं त्याला गावात जगवला, शिवाय बांध, विहीर, रस्ता बागायतदाराच्याच शिवारात झाला, तर त्याचं काय बिघडलं? मजुराला मजुरी मिळाली, जमीनवाल्याला पाणी. तिघांचंही थोडं थोडं भलं होतं म्हणून कायदा एकमतानं चालला. फेरवाटपाला असा तिसरा लाभार्थी नसेल तर ते टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या सौद्यात एक अट दडलेली होती: मजुरी कमी राहिली पाहिजे. रोहयोचा दर शेतमजुरीच्या वर गेला की बागायतदाराचा पाठिंबा संपणार. नेमकं तेच १९८८ मध्ये झालं. त्या वर्षी शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं, सगळ्यात खालच्या परिमंडळात दिवसाला १२ रुपये, आणि रोहयोलाही तोच दर द्यावा लागला. मजुरी वाढली तर कामावर येणारे वाढायला हवेत. उलट घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये या आकडेवारीचा माग काढला, तेव्हा दिसलं की मागणी कमी झाली नव्हती, काम काढणं कमी झालं होतं. कायद्यात हमी तशीच, पण काम मंजूरच करायचं नाही.

---

हिशेबनीस

@पाझर_तलाव, म्हणजे १९८८ मध्येच मजुरी दुप्पट झाली आणि १९८८ मध्येच कराची मर्यादा दहापट. मग पैशाची अडचण नव्हतीच?

एक हिशेब करून पाहिला. १९८८ ला कमाल कर भरणाऱ्या एका माणसाच्या २,५०० रुपयांत, १२ रुपयांच्या दरानं, २०८ दिवसांची मजुरी निघत होती. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये. त्याच २,५०० मध्ये आज जेमतेम ८ दिवस.

---

कोषागार

२०८ वरून ८. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, फक्त एक दुरुस्ती: मर्यादा २,५०० झाली म्हणून महाराष्ट्रानं पहिल्याच दिवशी तेवढा कर लावला असं नाही, दर टप्प्याटप्प्यानं वाढले. तरीही तुमची तुलना मर्यादेची आहे, ती बरोबरच आहे.

'पैसा पोचतो का' हा मूळ प्रश्न राहिला आहे. लोकांना वाटतं, रोजगार हमी निधी म्हणजे बँकेतलं वेगळं खातं, कर गोळा झाला की त्यात पडतो. तसं नसतं. कुठलाही कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून रोजगार हमी निधीत वळवायला अर्थसंकल्पात तरतूद लागते, विधिमंडळाची मंजुरी लागते. निधी म्हणजे सार्वजनिक लेख्यातली एक नोंद. शिल्लक दिसते ती वहीवर. प्रत्यक्ष रोकड राज्याच्या एकाच थैलीत असते आणि वर्षभर पगार, निवृत्तिवेतन, व्याज याच थैलीतून जातं. तेव्हा 'निधीत शिल्लक आहे' आणि 'पैसा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

त्यात २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा, म्हणजे मनरेगा, आला. अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, साहित्याच्या खर्चाचा पाऊण भाग केंद्राचा, १०० दिवसांपुरता. १०० दिवसांच्या पुढची हमी महाराष्ट्रानं स्वतःच्या कायद्यात ठेवली, ती राज्याच्या खर्चानं. पण १०० दिवस पुरे करणारी कुटुंबंच थोडी, मग पुढच्या दिवसांचा खर्च किती येणार? कर चालू राहिला, तो ज्या खर्चासाठी होता तो केंद्रानं उचलला. आज व्यवसाय कर हा व्यवहारात राज्याचा एक साधा महसूल आहे. कायद्याच्या प्रस्तावनेत रोहयो राहिली, एवढंच.

---

उलट_तपासणी

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण तुम्ही मुंगीच्या मागे लागला आहात आणि हत्ती शेजारून जातोय.

मर्यादा १८,००० केली आणि वरच्या १० लाख माणसांनी ती पूर्ण भरली, तर जादा उत्पन्न १,५५० कोटी. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४ मध्ये वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज धरला होता. तीस पट. विषमता पगारदारांत नाहीच मुळी, ती मालमत्तेत आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अंदाजानुसार वरच्या १ टक्क्याकडे मिळकतीचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. त्यावर आपल्याकडे कर कुठला? वारसा कर (संपदा शुल्क) १९५३ मध्ये आला, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला, १९८५ मध्ये रद्द झाला. तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे २० कोटी येत होते. संपत्ती कर १९५७ चा, २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला, वसुली १,००८ कोटी. दर जबर, वसुली चिमूटभर, कारण सवलती आणि मूल्यांकनातले वाद. त्यातून शिकायचं ते हे.

शिवाय सरकार म्हणतं की भारताचा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप, आकडा जितका कमी तितकी समानता जास्त) २५.५ आहे, जगात चौथ्या क्रमांकाची समानता. मग हा धागाच कशाला?

---

कलम_दुरुस्त

गिनीचं आधी. २५.५ हा जागतिक बँकेचा २०२२-२३ चा आकडा आहे आणि तो *खर्चाचा* आहे, मिळकतीचा नाही. ज्या देशांच्या यादीत आपण चौथे आलो त्यातल्या बऱ्याच देशांचे आकडे मिळकतीचे आहेत. महिना १५,००० कमावणारा सगळे खर्चतो. महिना १५ लाख कमावणारा तीन लाख खर्चतो आणि बारा गुंतवतो. खर्च मोजला की ते बारा लाख दिसतच नाहीत. त्यात पाहणी करणाऱ्याला उंच इमारतीचा रखवालदार वर सोडत नाही, ही अडचण वेगळीच. बँकेच्याच टिपणात लिहिलं आहे की आकडेवारीच्या मर्यादेमुळे विषमता कमी दिसत असू शकते, आणि मिळकतीचा गिनी दुसऱ्या अंदाजानुसार २००४ मध्ये ५२ होता तो २०२३ मध्ये ६२ झाला. ही ओळ बातम्यांत आली नाही.

संपत्ती कराबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण अर्धंच. तो गेला तेव्हा त्याच्या जागी एक कोटीच्या वरच्या मिळकतीवर २ टक्के जादा अधिभार बसवला. अधिभार हा केंद्रानं राज्यांत वाटायच्या करांच्या रकमेत धरत नाहीत, राज्यांना त्यातला छदामही मिळत नाही. म्हणजे श्रीमंतांवरचा जादा कर केंद्राकडे राहतो, आणि गरिबांच्या योजनांचा खर्च वाढत्या प्रमाणात राज्यांवर येतो. राज्याच्या हातात उरतं काय? दारू, पेट्रोल, मुद्रांक शुल्क आणि ही २,५०० ची मर्यादा. मग लाडक्या बहिणीचे १,५०० तिच्याच घरातल्या दारूवरच्या आणि डिझेलवरच्या करातून फिरून येतात. मुंगी छोटी आहे खरी, पण राज्याकडे मिळकतीला हात लावणारं तेवढंच हत्यार आहे.

---

पाझर_तलाव

@उलट_तपासणी, रोख रक्कम आणि कामाची हमी यांची तुलना निव्वळ कोटींत करू नका. दोन्हींचं काम वेगळं आहे.

रोख देताना कुणाला द्यायचं हे सरकार ठरवतं: अडीच लाखांची मर्यादा, पिवळं-केशरी कार्ड, घरात चारचाकी आहे का. प्रत्येक अटीबरोबर दाखला, आणि प्रत्येक दाखल्याबरोबर खिडकी. कामाच्या हमीत गरजू कोण हे उन्हात घमेलं उचलायला कोण येतो यावरून ठरतं. बागायतदार येणार नाही, त्याला अडवावं लागत नाही. दुसरा परिणाम घरी बसलेल्या मजुरालाही मिळतो: 'इतकी मजुरी देत नसशील तर रोहयोवर जाते' असं मजूर बाईला म्हणता आलं की बांधावरचा दर हलतो. हा परिणाम मस्टरवर नोंदला जात नाही.

पण तो तेव्हाच, जेव्हा मागितल्यावर काम खरोखर मिळतं. इथे घोळ कुठे होतो ते नीट सांगतो. ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. पोच मिळाली की १५ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात काम नाही तर बेकारी भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव, पुढे निम्मा. मनरेगात मजुरी केंद्र देत होतं, भत्ता मात्र राज्यानं द्यायचा. म्हणजे पोच दिली तर राज्याच्या खिशाला खार. मग पोच देतच नाहीत. तोंडी मागणी, 'काम निघालं की सांगतो', आणि काम निघालं की मागची तारीख टाकून नमुना भरून घेणं. कागदावर मागणी तितकाच पुरवठा, भत्ता शून्य. त्यामुळे 'लोकांना कामच नको' हा निष्कर्ष पोर्टलवरच्या आकड्यांवरून काढू नये. नमुना ४ गटानं, एकाच दिवशी, दोन प्रतींत द्यावा. पोच नाकारली तर तोच अर्ज तालुक्याला कार्यक्रम अधिकाऱ्याकडे देता येतो.

सामाजिक चढणीबद्दल मात्र रोहयोचं फार कौतुक करू नये. हमीनं माणूस तगला, वर चढला तो जमीनवाला. १९८८ ला जवाहर विहिरी, १९९० पासून रोहयोतून फळबाग लागवड. कोकणातला आंबा, सोलापूरकडचं डाळिंब यात त्या खड्ड्यांचा मोठा वाटा आहे. पण विहिरीला आणि झाडाला सातबारा लागतो. भूमिहीनानं खड्डा खणला, मजुरी घेतली, झाड दुसऱ्याचं वाढलं. पुढच्या पिढीत फरक पडला तो त्या झाडामुळे.

---

कोषागार

शेवटचं एक, कारण या धाग्याचा विषय अचानक ताजा झाला आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले, पण महाराष्ट्रासारख्या राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे, मजुरीसकट. ३१२ चाच दर धरला तर १२५ दिवसांचे ३९,००० रुपये, त्यात राज्याचे १५,६००. आधी मजुरीत राज्याचा वाटा शून्य होता. एका कुटुंबाला पूर्ण हमी द्यायची तर कमाल व्यवसाय कर भरणारे सव्वासहा जण लागतात.

म्हणजे १९७५ चाच प्रश्न परत आला: पैसा कुठून? तेव्हाची मोट आज बांधायची तर मर्यादा २,५०० वर बांधलेली. राज्याच्या हातात आहे ती फक्त खालची बाजू. महिलांसाठी केली तशी पुरुषांची माफीही २५,००० पर्यंत नेता येते, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. कर्नाटकानं २०२३ मध्ये सगळ्यांनाच २५,००० च्या आत सूट दिली. तेवढ्यानं हिशेबनीसांचा सुरक्षारक्षक सुटेल. पण तिजोरीत खड्डा पडेल, आणि तो भरायला व्यवस्थापकाकडून एक रुपया जास्त घेता येणार नाही.

---

हिशेबनीस

धन्यवाद. पुरुषांच्या माफीबद्दल आमदारांना पत्र लिहायचं तर कुठल्या अनुसूचीत बदल मागायचा?

---

कलम_दुरुस्त

१९७५ च्या कायद्याची अनुसूची १, पहिलीच नोंद, पगारदारांची. तीत पुरुषांचे टप्पे आहेत तिथे ७,५०० आणि १०,००० या दोन्हींच्या जागी २५,००० मागा आणि मधला १७५ चा टप्पा वगळायला सांगा. तो ठेवला तर ९,००० वाल्याला एका टप्प्यात माफी आणि दुसऱ्यात कर असा गोंधळ मसुद्यात राहतो. एक सावधगिरी: २५,००० वर माफी तोडली की २५,००१ वाल्याला एकदम २,५०० बसतात, तो महिना १ रुपया जास्त कमावून वर्षाला २,४८८ नं मागे पडतो. म्हणून २५ ते ४० हजारांना महिना १००, त्यापुढे २०० अशी पायरी पत्रातच सुचवा.